ठमी टवटवीत दिसते, म्हणून तर जपायचं

एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत.

प्राण्यांची सुटका करणाऱ्या एका संस्थेकडून त्यांनी साधारण तीन वर्षांची कुत्री दत्तक घेतली. तिला आपण ठमी म्हणू. आधीच्या घरी ती कायम साखळीला बांधलेली असायची. इथे आल्यावर पहिल्याच तपासणीत तिला हार्टवर्म, म्हणजे डासांमुळे होणारा जंतांचा आजार, असल्याचं निघालं. डॉक्टरांनी आधी महिनाभर गोळ्या दिल्या, मग थोडं थांबून पहिलं इंजेक्शन दिलं आणि त्यानंतर महिन्याने लागोपाठ दोन दिवस दुसरं आणि तिसरं. शेवटचं इंजेक्शन होऊन आठवडा उलटला आहे. पुढचे सहा ते आठ आठवडे धावणं, उड्या, खेळ सगळं बंद.

ठमी मात्र पिंजऱ्यात रडते, दार खरवडते आणि बाहेर काढलं की आनंदाने वेडी होते. ‘साखळीतून सोडवून मी तिला पिंजऱ्यात घातलं. मग त्या मालकात आणि माझ्यात फरक काय राहिला?’ असं बाई विचारतात. सासऱ्यांचं मत असं, की जनावर चांगलं धडधाकट आहे, तुम्हीच त्याला कोंडून आजारी पाडताय. घरात मोत्या नावाचा दुसरा कुत्रा आहे. त्यालाही हे लागेल का, अशी धास्ती आहेच. आपल्याकडून हे निभत नसेल तर ठमीला संस्थेकडे परत द्यावं का, हाही प्रश्न त्यांना छळतो आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: परवा दार उघडं राहिलं, ठमी बाहेर सुटली आणि मोत्याबरोबर मनसोक्त पळाली. काल रात्रीपासून अधूनमधून खोकते आहे. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना अजून सांगितलेलं नाही.

——

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला निरोप धाडला होता, की आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं मागाहून बोलू. तुम्ही तिला त्याच दिवशी दाखवून आणलंत, डॉक्टरांनी औषधाचा डोस बदलला आणि आणखी कडक विश्रांती सांगितली, हे कळल्यावरच मी हे उत्तर लिहायला बसले. तरीही सुरुवात त्या शेवटच्या दोन ओळींपासूनच करते, कारण अशी पत्रं लिहिणारे बहुतेक जण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी आणि हळू आवाजात सांगतात.

कुत्रं सुटलं, पळालं, हे रोज शेकडो घरांत होतं. पशुवैद्याच्या कानाला ते नवीन नसतं. डॉक्टरांना तुमची कबुली नको असते, त्यांना माहिती हवी असते: कधी पळाली, किती वेळ, त्यानंतर खोकला केव्हा सुरू झाला, जेवते का, ताप आहे का. त्यावर ते सूज कमी करणारं स्टेरॉइड वाढवायचं, छातीचा एक्स-रे काढायचा की नुसतं लक्ष ठेवायचं हे ठरवतात. माहिती दडवली तर त्यांना अंदाजाने औषध द्यावं लागतं, आणि त्या अंदाजाची किंमत ठमी मोजते. समजा, रागावलेच. ते बोलणं दोन मिनिटांत संपेल.

आता मूळ प्रश्न. ठमी टवटवीत दिसते, म्हणजे बरी झाली, हे तुम्ही आणि तुमचे सासरे दोघांनीही धरून चालला आहात. तुमचे मतभेद त्याच्या पुढचे आहेत. मला तो पायाच तपासून पाहायचा आहे.

हार्टवर्म नावात हृदय असलं तरी मोठे झालेले जंत प्रामुख्याने राहतात ते हृदयातून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमध्ये. डास चावताना सूक्ष्म अळ्या कुत्र्याच्या अंगात शिरतात, आणि तिथून पूर्ण वाढलेला जंत व्हायला सहा-सात महिने लागतात. मादी जंत 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकते. उपचार केले नाहीत तर हे जंत कुत्र्याच्या शरीरात पाच ते सात वर्षं जगतात. एवढ्या काळात धमन्यांच्या आतल्या भिंती सुजतात, खरबरीत आणि जाड होतात. तरुण, काटक कुत्र्यात हे सगळं आत चालू असताना बाहेर काहीही दिसत नाही. तुमची ठमी साखळीला बांधलेली होती, म्हणजे तिला दम लागतो का हे पाहण्याची संधी कुणाला मिळालीच नसणार.

तिला पाठीच्या स्नायूत खोलवर दिलेलं इंजेक्शन मेलार्सोमीनचं. ते या मोठ्या जंतांना मारतं. पण मेलेला जंत कुठे जातो? पोटातल्या जंतासारखा तो शौचावाटे बाहेर पडत नाही, कारण तो रक्तवाहिनीत आहे. तो तिथेच कुजतो, त्याचे तुकडे होतात, रक्ताच्या प्रवाहाबरोबर फुफ्फुसांच्या लहान लहान धमन्यांत जाऊन अडकतात आणि शरीर हळूहळू ते विरघळवून टाकतं. या कामाला आठवडे लागतात. कुत्रं शांत असेल तर एखादी बारीक वाहिनी बंद झाली तरी आजूबाजूच्या वाहिन्या काम सांभाळून घेतात. कुत्रं पळालं की हृदय जोरात रक्त ढकलतं, तुकडे आणखी आत रेटले जातात, आधीच सुजलेल्या फुफ्फुसावर एकदम ताण येतो. इंजेक्शननंतर सात ते दहा दिवसांच्या आसपास हा धोका सर्वाधिक असतो, आणि पुढे साधारण चार आठवड्यांपर्यंत तो टिकतो. म्हणजे ठमी नेमकी चुकीच्या दिवशी पळाली. तुम्ही घाबरावं म्हणून हे सांगत नाही. तिचा खोकला कुठून आला हे कळावं म्हणून सांगते.

अंगात जंत किती आहेत यापेक्षा कुत्रं किती हालचाल करतं, यावर त्रासाची तीव्रता जास्त अवलंबून असते, असं या रोगावर काम करणाऱ्या अमेरिकन हार्टवर्म सोसायटीचं म्हणणं आहे. थोडे जंत असलेलं पण उनाडणारं कुत्रं गंभीर आजारी पडू शकतं, आणि बरेच जंत असलेलं पण निवांत पडून राहणारं सुखरूप पार होऊ शकतं. म्हणून विश्रांतीला मी पथ्य म्हणणार नाही. ते औषधच आहे, आणि या सगळ्या उपचारात घरच्यांच्या हातात असलेलं तेवढं एकच.

पाय मोडलेला असता तर प्लास्टर दिसलं असतं, सासऱ्यांनी स्वतःच तिला उचलून नेलं असतं. इथे दिसण्यासारखं काही नाही, उलट उपचार सुरू झाल्यावर पोटभर जेवण, मायेची माणसं, बरी झोप यांमुळे तिचं अंग भरलं आहे आणि डोळ्यांत तेज आलं आहे. ती टवटवीत आहे म्हणूनच पळेल, आणि पळेल म्हणूनच तिला जपायचं आहे. मरगळलेल्या कुत्र्याला कोंडावं लागत नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, साखळीवाला मालक आणि तुम्ही यांत फरक काय. मला वाटतं हा प्रश्न ठमीचा नाही. साखळीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे आणि ती तुम्ही मनात घेऊन पिंजऱ्यासमोर बसता, त्यामुळे तिच्या प्रत्येक कण्हण्यात तुम्हाला जुना अन्याय ऐकू येतो. साखळी वाईट होती ती तिच्या लांबीमुळे नव्हे. तिथे कुणी वेळेवर पाणी देत नव्हतं, तब्येत बघत नव्हतं, बोलत नव्हतं, आणि ती सुटण्याची तारीख नव्हती. तुमच्याकडे तारीख आहे. कॅलेंडरवर ती लिहून भिंतीवर टांगा, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी. ठमीला वाचता येत नाही, पण तुम्हाला येतं.

तरीही, आणि हा तरीही मोठा आहे, पिंजऱ्याबाबत तुमच्या मनात जी शंका आहे ती सगळीच भावनिक नाही. डॉक्टरांना तिचं हृदय शांत राहायला हवं आहे. पिंजरा हे त्याचं फक्त एक साधन. एखादं कुत्रं पिंजऱ्यात शिरलं की वेटोळं करून झोपतं. दुसरं लाळ गाळतं, धापा टाकतं, दातांनी गज ओढतं, तासन्‌तास भुंकतं. त्या दुसऱ्या कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून विश्रांती मिळतच नाही. तुम्ही डोळ्यांनी पाहता ती फक्त कोंडलेली दमछाक. आयुष्यभर बांधलेल्या कुत्रीला बंद दाराची धास्ती असणं शक्य आहे.

तेव्हा आधी तिचं रडणं कसलं आहे ते ओळखा. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं कुरकुरते आणि मग आडवी होते, तर तो कंटाळा आणि हट्ट आहे, तो सहन करायचा. तुम्ही खोलीत असताना गप्प आणि गेल्यावर आकांत, तर अडचण पिंजऱ्याची नसून एकटेपणाची आहे. पिंजरा उचलून तुम्ही बसता त्या खोलीत आणा, रात्री अंथरुणाशेजारी ठेवा. एवढ्याने निम्म्या घरांतलं रडणं थांबतं असं मला पत्रांवरून दिसतं. आणि तुम्ही समोर असूनही ती धापा टाकते, लाळ गाळते, खायला दिलं तरी घेत नाही, तर ती भीती आहे. मग पिंजऱ्याचा आग्रह सोडा. एखादी छोटी रिकामी खोली, किंवा कुंपणाच्या जाळीने वेगळा केलेला कोपरा, किंवा सर्वांत साधं म्हणजे छातीपट्टा घालून तिचा दोर तुमच्या कमरेला. तुम्ही बसलात की ती पायाशी, उठलात की सावकाश तुमच्याबरोबर. कमरेला बांधलेला दोर ही साखळी आहे का? ठमीला विचाराल तर दुसऱ्या टोकाला कोण आहे एवढंच ती बघेल. मात्र दोर बांधून तिला एकटीला कधीही ठेवू नका, गुंतून गळफास बसू शकतो.

हे करूनही ती शांत होत नसेल तर डॉक्टरांना शांत करणाऱ्या औषधाबद्दल स्पष्ट विचारा. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन अशी औषधं या काळात कुत्र्यांना दिली जातात. बरेच पालक हा विषय काढत नाहीत, त्यांना वाटतं आपण कुत्र्याला गुंगी देतोय म्हणजे हरलो. यात हरण्यासारखं काही नाही. सहा आठवडे धास्तावून गज चावणाऱ्या कुत्र्यापेक्षा औषध घेऊन निवांत पडलेलं कुत्रं जास्त सुरक्षित आहे. पण माणसांचं शांत करणारं किंवा झोपेचं औषध घरच्या डब्यातून काढून स्वतःच्या हिशेबाने देऊ नका. तीच गोष्ट वेदनाशामकांची. इंजेक्शनची जागा दुखते, सुजते, काही कुत्री दोन-चार दिवस पाठीला हात लावू देत नाहीत. कळवळून कुणीतरी माणसांची गोळी देतं. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात, आणि स्टेरॉइड चालू असताना आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते.

स्टेरॉइडचा विषय निघाला म्हणून. तुमच्या पत्रात आणखी एक तक्रार होती, की ठमी रात्री पिंजऱ्यात शू करते, ‘सूड उगवल्यासारखी’. नाही हो. प्रेडनिसोलोनसारखी औषधं घेणारं कुत्रं भरपूर पाणी पितं, भरपूर शू करतं, सतत भुकेलं असतं आणि थोडं जास्त धापा टाकतं. पाणी अजिबात तोडू नका. झोपण्याआधी एकदा आणि रात्री मध्ये एकदा बाहेर न्या, खाली धुता येईल असं अंथरा. आणि कंटाळलात म्हणून ते औषध मनानेच बंद करू नका. ते उतरत्या डोसनेच थांबवायचं असतं. भुकेचं म्हणाल तर तिच्या आर्जवी डोळ्यांना भुलून वाटी वाढवत गेलात तर व्यायाम बंद असलेल्या या दोन महिन्यांत ती फुगेल, आणि वाढलेलं वजन त्याच दुखऱ्या फुफ्फुसांना ओढावं लागेल.

त्या भुकेचा उपयोग मात्र करून घ्या. दिवसभराचं जेवण मोजून बाजूला काढा आणि वाटीत एकदम देऊच नका. कुत्र्याला दमवायचं तर पळवायलाच हवं असा आपला समज असतो, पण नाकाने काम करून कुत्रं छान थकतं. जुन्या टॉवेलची गुंडाळी करून तिच्या घड्यांत दाणे लपवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यात खाऊ. चाटायला पसरट ताटलीत ओलं अन्न थापून गोठवून द्या. चाटण्याने कुत्री शांत होतात. चघळायला डॉक्टरांनी चालेल म्हटलेलं काहीतरी. हे सगळं बसून किंवा पडून होणारं हवं. खाऊ फेकून पकडायला लावणं, दोरीची रस्सीखेच, चेंडू, यांतलं काहीही नको. कुठल्याही खेळात ती उठून गोल फिरायला लागली किंवा भुंकायला लागली तर तो खेळ तिच्यासाठी आत्ता नाही, बाजूला ठेवा.

थोडं शिकवाही. नाव घेतल्यावर तुमच्याकडे बघणं, चटईवर जाऊन पडणं, तळहाताला नाक लावणं, पंजा हातात देऊ देणं, तोंड उघडून हिरड्या बघू देणं. पाच मिनिटांचे तुकडे, दिवसातून काही वेळा. चटईवर पडली की काहीतरी चांगलं मिळतं हे एकदा तिच्या डोक्यात बसलं, की पुढे आयुष्यभर दारावरची बेल वाजली तरी तिला शांत करायचा एक उपाय तुमच्या हाताशी असेल. नव्या घरात आलेल्या कुत्र्याला पहिल्याच महिन्यात मोकळं रान, पाहुणे, लांब फेरफटके असं सगळं एकदम दाखवण्याची आपल्याला घाई असते. मला प्रामाणिकपणे ती घाई कधीच पटलेली नाही. आजारपणाने ठमीच्या बाबतीत ती परस्परच टळली आहे.

शी-शूला नेताना दोर लावूनच, तेही अंगणातल्या अंगणात. तुम्ही विचारलं आहे की हळूहळू चालवत कोपऱ्यापर्यंत नेलं तर चालेल का. शेवटच्या इंजेक्शननंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, आणि त्यातही खोकला झालेला असताना, माझं उत्तर नाही असं आहे. तुम्ही हळू चालाल, पण समोरून मांजर आलं तर ठमी हळू चालणार नाही. काम झालं की सरळ आत. पायऱ्या असतील तर उचलून न्या. उचलता येण्यासारखी नसेल तर एक एक पायरी, दोर आखूड धरून. सोफ्यावर, पलंगावर उडी नको. रस्त्याकडची खिडकी पडद्याने झाका, कारण खिडकीतून भुंकत इकडून तिकडे धावणं हाही व्यायामच आहे. कुणी येणार असेल तर ती आधी आतल्या खोलीत. आणि घरी परतलात की तुम्ही स्वतः तिचं जोरजोरात स्वागत करू नका. हे सगळ्यांत कठीण आहे, मला ठाऊक आहे.

आता लक्ष कशावर ठेवायचं. ठमी गाढ झोपलेली असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. झोपेत मिनिटाला तीसच्या आत श्वास असणं साधारण ठीक. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा, म्हणजे तिचा नेहमीचा आकडा तुम्हाला कळेल आणि तो चढायला लागला तर खोकला येण्याआधीच लक्षात येईल. एखादी ठसक येऊन गेली तर नोंद करून डॉक्टरांना कळवा. पण खोकला वाढत गेला, जेवणाकडे पाठ फिरवली, अंगात ताप वाटला, ती मलूल झाली, तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि झोपेतसुद्धा धाप, खोकल्यातून रक्त, पांढरट किंवा निळसर हिरड्या, चक्कर येऊन कोसळणं, गडद तपकिरी किंवा लालसर लघवी, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि तिथे तिला न चालवता कसं न्यायचं, हे आजच ठरवून ठेवा.

या रोगाशी झगडणाऱ्या दुसऱ्या वाचकांसाठी इथे थोडं आडवळण घेते. काही ठिकाणी मेलार्सोमीन मिळत नाही, काही कुत्र्यांना ते सोसणार नाही असं डॉक्टरांना वाटतं. मग डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाबरोबर मॉक्सिडेक्टिनसारखं दर महिन्याचं औषध देऊन जंत हळूहळू संपवायचा मार्ग घेतात. (ठमीलाही पहिला महिनाभर दिल्या त्या गोळ्या डॉक्सिसायक्लिनच्या असणार, जंतांच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, ते मेले की जंत कमजोर होतात आणि मरताना होणारी सूजही कमी होते.) या दुसऱ्या मार्गात सुई टळते म्हणून तो सोपा वाटतो. पण त्यात जंत मरायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, धमन्यांची हानी तोवर चालू राहते आणि कुत्र्याला जपण्याचा काळही तेवढाच लांबतो. नाइलाज असेल तर तो मार्ग जरूर घ्यावा. सुईच्या भीतीने मात्र घेऊ नये. आणि प्रतिबंधाची गोळी दुकानदाराच्या ऐकीव सल्ल्याने जास्त मात्रेत देणं तर मुळीच नको. अशा काही गोळ्यांत आयव्हरमेक्टिन असतं, आणि कोलीसारख्या काही जातींत त्याची मोठी मात्रा मेंदूवर परिणाम करते.

सासऱ्यांबद्दल. त्यांना रोगाची माहिती पटवून देण्यात तुम्ही बरेच दिवस घालवले आहेत असं दिसतं. मी असते तर ते सोडून त्यांना एक काम दिलं असतं. रोज संध्याकाळी ठमीचे श्वास मोजून वहीत लिहायचे, ही जबाबदारी त्यांची. त्यांचं प्रेम त्या बिचारीवर आहेच, फक्त त्याला दार उघडण्यापलीकडे काही करायला मिळालेलं नाही. शिवाय पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून सांगितलेलं, यांत फरक पडतो. तो पडू नये, पण पडतो. दाराबाबत मात्र कुणाच्याही भरवशावर राहू नका. बाहेरचं दार आणि ठमी यांच्यामध्ये नेहमी आणखी एक बंद दार किंवा जाळी असली पाहिजे, म्हणजे एकाचा विसरभोळेपणा पुरेसा ठरणार नाही.

राहिलं तिला परत देण्याचं. तुम्ही हा प्रश्न ‘मी वाईट आहे का’ अशा सुरात विचारला आहे, म्हणून मी तो त्या सुरातून बाहेर काढते. काही घरं या दोन महिन्यांपुरती खरोखरच अयोग्य असतात: दिवसभर घरी कुणी नाही, लहान मुलं सारखी दार उघडतात, दुसरं कुत्रं खेळायला सतत अंगावर येतं, आणि यातलं काहीच बदलता येत नाही. अशा घराने संस्थेला सांगून दोन महिन्यांपुरतं तिला एखाद्या शांत, अनुभवी माणसाकडे ठेवलं, तर ते कुत्र्याच्याच हिताचं. बऱ्याच संस्थांकडे आजारी प्राणी तात्पुरते सांभाळणारी माणसं असतात. पण तुमच्या पत्रात मला तसं घर दिसत नाही. तुम्ही दिवसभर घरी असता, मोत्याला वेगळं ठेवायला जागा आहे, डॉक्टर जवळ आहेत. मला दिसते ती नीट झोप न मिळालेली, एकटी पडलेली एक बाई. त्यावर उपाय कुत्री परत देणं हा नाही, रात्रीची एक पाळी दुसऱ्या कुणाला तरी देणं हा आहे. शिवाय अगदी या आठवड्यात तिला गाडीत घालून नव्या जागी, नव्या माणसांत नेणं म्हणजे तिचं हृदय नको तेवढं धडधडवणं. निर्णय घ्यायचाच असेल तर धोक्याचे चार आठवडे सरल्यावर घ्या. संस्थेशी मात्र आजच बोला: तुमच्याकडे कुणी येऊन तासभर बसेल का, जाळीचं कुंपण उसनं मिळेल का. कुत्री देऊन टाकली म्हणजे त्यांची जबाबदारी संपली असं चांगली संस्था मानत नाही.

विश्रांती संपण्याची तारीख डॉक्टरच सांगतील. त्या दिवशी पट्टा सोडून तिला मैदानात मोकळं करण्याचा मोह होईल, तो आवरा. दोन महिने पडून राहिलेल्या अंगाला एकदम पळण्याची सवय नसते. पाच मिनिटांच्या संथ चालण्यापासून सुरुवात करून काही आठवड्यांत वेळ वाढवत न्यायची, आणि मोत्याबरोबरचं धावणं सगळ्यात शेवटी.

शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण नऊ महिन्यांनी रक्ताची चाचणी करायची असते. मादी जंतांचं एक प्रथिन रक्तात आहे का, हे ती बघते. जंत मेल्यावरही ते काही महिने रेंगाळू शकतं, म्हणून अधीर होऊन आधीच चाचणी केली आणि ती सकारात्मक आली तर उपचार फसले असा अर्थ काढू नका. तिन्ही इंजेक्शनं पूर्ण झाली की साधारण 98 टक्के जंत मरतात असं मानलं जातं. पण एकदा हा रोग झाला म्हणजे पुन्हा होत नाही, असं मात्र नाही. पुढचा डास चावेल तो ठमीचा इतिहास विचारणार नाही, तेव्हा प्रतिबंधाचं औषध दर महिन्याला, बारा महिने.

मोत्याला ठमीपासून थेट लागण होत नाही. एका ताटात खाल्लं, चाटलं, शेजारी झोपले, तरी नाही. अळ्यांना मध्ये डासाच्या शरीरात वाढावंच लागतं. तुम्हा माणसांना काळजीचं कारण जवळजवळ नाहीच, आपल्या शरीरात हे जंत सहसा पूर्ण वाढत नाहीत. पण दोघं एकाच घरात, एकाच डासांमध्ये राहतात, आणि मोत्याला आजवर नियमित प्रतिबंधक औषध दिल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. त्याचीही चाचणी याच आठवड्यात करून घ्या, आणि ती नकारात्मक आली तरी सहा महिन्यांनी पुन्हा एकदा, कारण अलीकडे शिरलेल्या अळ्या आजच्या चाचणीत सापडणार नाहीत. औषध चाचणीनंतरच सुरू करायचं की लगेच, ते डॉक्टरांना विचारा. मोठ्या जंतांनी सोडलेल्या सूक्ष्म अळ्या रक्तात असताना ते दिलं तर काही कुत्र्यांना रिअ‍ॅक्शन येते.